अत्तर लावलेला हात

त्या वयस्कर चिनी पाहुण्याने स्वतःचा हात नाकाशी नेला आणि समोरच्या चहाच्या डब्याचं झाकण हळूच लावून टाकलं. आमच्या शेतकी कॉलेजच्या हॉलमध्ये बाकीचे फोटो काढण्यात गुंतले होते.

चहाच्या झाडांचा अभ्यास करण्यात या पाहुण्यांची निम्मी हयात गेली आणि उरलेली तापलेल्या कढईत उघड्या हातांनी पानं परतण्यात. चहाचं पान शेजारचा कुठलाही वास ओढून घेतं, म्हणून हंगामात ते हाताला साबणसुद्धा लावत नाहीत. दुभाषी मुलीने हे सगळं नुकतंच माईकवरून सांगितलं होतं. तिचं बोलणं संपताच आमच्या अध्यक्षांनी त्यांच्या दोन्ही हातांना अत्तर चोळलं, वर गुलाबपाणी शिंपडलं आणि म्हणाले, "हं, आता दाखवा तुमची कला!"

मला किळस आली. अत्तराची नव्हे, आमच्या पाहुणचाराची. समोरच्याला काय चालतं, हे आम्ही विचारतच नाही. नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी वाढायची आणि त्याने ती मुकाट्याने गिळली की आपणच कौतुकाने हसायचं. प्रेमाच्या नावाखाली चाललेली नुसती दांडगाई!

दुभाषी मुलगी संकोचून म्हणाली, "सर म्हणतात, माफ करा, आज या हातांनी पानांना शिवता येणार नाही. वास लागेल."

"हात्तिच्या, एवढंच ना?" अध्यक्षांनी खिशातला रुमाल काढला आणि स्वतः त्यांचे हात पुसायला घेतले. रुमालही त्याच अत्तराने घमघमत होता.

हॉलभर टाळ्या पडल्या.