बागेत आलेले राजदूत

ऐंशीच्या दशकात दिल्लीहून व्हिएतनामचे राजदूत आमची दिंडोरीची द्राक्षबाग बघायला आले होते. दोन देशांत शेतीचा काही करार व्हायचा होता म्हणे. बुटके, शांत गृहस्थ. मजुराचाही हात दोन्ही हातांत धरून वाकायचे. त्यांचं नाव मला नीट उच्चारता आलं नाही.

शेतीखात्याचे साहेब माहिती देत असताना शेजारच्या बागेत औषधाची फवारणी सुरू झाली आणि पांढरे फवारे आमच्याकडे सरकले. राजदूतांचा चेहराच उतरला. वेलींखाली खेळणारी माझी लहानगी त्यांनी झटकन उचलली, तिचं तोंड कोटात दाबलं आणि ते रस्त्याकडे धावत सुटले.

"ओ साहेब, पोरीला कुठं नेता?" बायको किंचाळली. आम्ही सगळे मागे पळालो.

रस्त्यावर त्यांनी पोर बायकोच्या हाती दिली. दुभाषा खालमानेनं म्हणाला, "साहेब माफी मागताहेत. लढाईत त्यांच्या गावावर अमेरिकी विमानांनी जंगलं वाळवणारं विषारी औषध असंच फवारलं होतं. यांची पोरं अंगणात खेळत होती. यांनी त्यांना आत बोलावलं नाही."

बायकोनं डोळे पुसले आणि पोरीला पुन्हा त्यांच्या कडेवर दिलं.