पाण्याचा वास जाईपर्यंत

बायकोला, शेवंतीला, शेवटचा भेटलो तेव्हा माझ्या पिशवीत भाताचा एक झुपका होता, मुळांसकट उपटलेला. गोराईतल्या आमच्या तुकड्यातला. होडीने खाडी ओलांडून बोरिवलीच्या दवाखान्यात नेला, तर दारावरचा माणूस म्हणाला, काका, हे काय आणलंय? म्हटलं, पेशंटचं पथ्य. सोडलं त्याने.

पंचेचाळीस वर्षांचा संसार. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं ती माझ्यापेक्षा त्या चिखलाचीच जास्त होती. कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आणि युरिया बंद केला. शेणखत, गिरिपुष्पाचा पाला आणि जिवाणूंची काळी पुडी, बस. हे जिवाणू हवेतला नत्र ओढून मुळांना देतात म्हणायची. मी हसायचो. एका वर्षी तिच्या नकळत अर्धी गोण युरिया टाकला. भात झकास हिरवागार वाढला आणि दाणा भरायच्या आत आडवा पडला. बांधावर उभी राहून म्हणाली, "तुमच्यासारखाच निघाला. वर रुबाब, पायात दम नाही."

पुडीचं तिचं मोठं सोवळं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवशी पुडी पाण्यात कालवायची आणि लावायच्या रोपांची मुळं त्यात बुडवून ठेवायची. पाणी विहिरीचंच. नळाचं घ्यायची वेळ आली तर लाल बादली आदल्या दिवशीच भरून ओट्यावर उघडी ठेवायची. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते आपलेही मारेल, म्हणून. दुसऱ्या दिवशी वाकून वास घ्यायची. औषधाचा वास गेला की मगच पुडी फोडायची.

यंदा आवणीला ती दवाखान्यात. बाया बांधावर खोळंबलेल्या, माझा गुडघा दुखत होता, विहिरीच्या पायऱ्या निसरड्या... सरळ नळ सोडला आणि पुडी ओतली. मुळं बुडवताना वास नाकात गेला तेव्हा कळलं, वाट लागली. पुडी एकच होती. संध्याकाळी दवाखान्यात गेलो तर तिने विचारलं, पाणी कुठलं घेतलं? विहिरीचं, म्हणालो. पुढे दीड महिना तिच्याकडे सरळ बघता येईना. ती बरी होणार नाही हे डॉक्टरने सांगितलं होतं. तिचा शेवटचा भात, त्यातले जीव मी मारले आणि वर खोटं बोललो.

म्हणून तो झुपका नेला. तिने मुळं बोटांनी सोडवली, फुटवे मोजले. मी म्हटलं, "नळाचं घेतलं गं. तसंच."

"ठाऊक आहे. विहिरीवर गेला असतात तर गुडघ्याचं रडगाणं तासभर ऐकवलं असतंत. त्या दिवशी गप्प होतात." मग दम घेऊन म्हणाली, "मुळं पांढरी आहेत बघा. इतकी वर्षं शेण-पाला खाल्लाय त्या मातीने. एका बादलीने मरायची नाही ती. बोलायला एवढे दिवस लावलेत, तेवढंच चुकलं."

चार दिवसांनी गेली. रडलो, अजून रडतो. पण आत अडकलेलं काही नाही... मोकळा झालो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. भात शेवटपर्यंत उभा राहिला. कापला, झोडला. नव्या तांदळाची पेज तिच्या फोटोपुढे ठेवली नाही, खाल्ली. तिला देखावे चालत नसत.

आता त्याच ओलीवर वाल पेरायचेत. वालाची पुडी वेगळी, ती पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात. विहिरीवर जाणं माझ्याने होत नाही. काल लाल बादली नळाखाली भरून ओट्यावर ठेवली, उघडी. आत्ता वाकून वास घेतला... अजून येतोय थोडा. थांबतो.