बाकावरचं नाव

सन दोन हजार सोळा. माझं वय अडुसष्ट. गावच्या शाळेला मी आठ बाक दिले होते, प्रत्येकावर रंगानं माझं नाव. एकदा सहज डोकावलो, तर बाक व्हरांड्यात आणि पोरं वर्गात मन मानेल तशी. कुणी सतरंजीवर पालथं पडलेलं, कुणी उभ्यानंच खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून लिहिणारं.

"बाई, ही शाळा आहे का लग्नाचा मांडव?"

"आबा, ज्याला जसं जमतं तसं बसतात," बाई म्हणाल्या. "लिहितात मात्र सगळी."

मी कसला ऐकतोय. बाक आत आणवले, पोरं ओळीनं बसवली. पुढच्या बाकावरची एक पोर फळीला हनुवटी टेकवून लिहायला लागली. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते.

"आबा, पायाला मुंग्या येतात," ती हळूच म्हणाली.

मी दोन इयत्ता शिकलो, त्याही दाराशी गोणपाटावर. बाकावर कधी बसलोच नव्हतो. सुताराला माप दिलं ते माझ्याच गुडघ्याचं. नाव मात्र दोनदा तपासून घेतलं होतं. माणूस देताना घेणाऱ्याकडे बघतच नाही की काय, असं त्या पायांकडे बघून वाटलं. बाईंच्या तोंडाकडे बघवेना. गुमान घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराची करवत मागून शाळेत गेलो, त्या पोरीला बाकाशेजारी उभं केलं आणि विचारलं, "बाळ, तुला केवढा पायजे?"