सावकाशरावांचा पहिला ओरखडा

सावकाशराव म्हणजे आमचे धाकटे साडू. हे नाव मीच पाडलं, आणि आता माझी मेहुणीसुद्धा रागावली की नवऱ्याला याच नावाने हाक मारते. साडूंची सगळी नोकरी बस चालवण्यात गेली, पण गाडीला एक ओरखडा नाही. निरोपाच्या भाषणात साहेब तेवढंच बोलले आणि खाली बसले. साडूंची छाती तेव्हा जी फुगली, ती आजतागायत उतरलेली नाही. नवा माणूस भेटला की आधी "ओरखडा नाही" सांगतात, मग नाव.

निवृत्तीनंतर माणूस दिवसभर छताकडे बघत बसायला लागला, तेव्हा लेकीने ताटाएवढा ड्रोन आणून दिला. जाताना नीट बजावून गेली. "बाबा, मोकळं मैदान बघा, वारा असेल तर उडवू नका, माणसांवरून नेऊ नका. शेपटी कायम आपल्याकडे ठेवा. परत आणताना वळवायचा नाही, तसाच मागे ओढायचा. आणि गोंधळ उडाला तर रिमोटची डावी दांडी पूर्ण खाली. पंखे बंद होतात. मशीन पडलं तरी चालेल."

"पडलं तरी चालेल?" साडूंचा चेहरा असा झाला, जणू लेकीने शिवीच दिली.

मग काय! कितीतरी दिवस ड्रोन टेबलावरून उठलाच नाही. साडू रोज सकाळी त्याच्याभोवती फेरी मारायचे, पंखे बोटाने हलवून बघायचे, बॅटरी चाचपायचे, की ड्रोन पुन्हा टेबलावरच्या खोक्यात.

मेहुणी मला म्हणाली, "भाऊजी, हा ड्रोन आहे की नवा जावई? नुसती सरबराई चाललीय."

शेवटी मीच साडूंना शाळेमागच्या मैदानावर ओढत नेलं. सुट्टीचा दिवस, चिटपाखरू नाही. साडूंनी रुमाल वर धरून वारा पाहिला आणि ड्रोन उचलला. डोक्याच्या थोडा वर, शेपटी आमच्याकडे, अगदी सावकाश तो मैदानाच्या मध्यापर्यंत गेला. मी टाळ्या वाजवल्या.

"आता मागे ओढा."

"साडूबुवा, मी उभ्या आयुष्यात गाडी डेपोत उलटी आणलेली नाही."

"अहो, पण लेक काय म्हणाली?"

"लेक बस चालवते का?"

आणि ऐटीत त्यांनी ड्रोन वळवला. आता त्याचं तोंड आमच्याकडे. नेमकी तेव्हाच उजवीकडच्या फाटकातून मेहुणी छत्री उघडून आत आली. नवऱ्याचं टक्कल तापेल ना! तिच्यापासून लांब न्यायला साडूंनी दांडी डावीकडे ढकलली. ड्रोन गेला उजवीकडे. समोरासमोर उभं राहिलं की त्याची डावी ती आपली उजवी, हे आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत साडू आणखी डावीकडे आणि ड्रोन आणखी उजवीकडे! शिवाय साडूंचा पाय जमिनीवर धाडधाड आपटतोय. ब्रेक शोधतायत!

"बाजूला व्हा!" मी ओरडलो. पण मेहुणी बाजूला होणाऱ्यांतली नव्हे. तिने छत्री आडवी धरली आणि पाय रोवले.

साडूंनी एकदा ड्रोनकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. डावी दांडी खाली! पंखे थांबले आणि ड्रोन तिच्या पुढ्यात दगडासारखा आपटला.

मेहुणीने उचलून पाहिला. एक पंखा गेला होता आणि पोटावर लांबलचक ओरखडा. साडू धावत आले आणि रुमालाने ओरखडा पुसायला लागले.

"बस नव्हे हो ती," मेहुणी म्हणाली. "तुमच्या नोकरीत हा ओरखडा धरायचा नाही."

"गाडी माझ्या हातात होती ना?" मग हळूच, "तुला लागलं नाही ना?"

"मला कशाला लागतंय? छत्री होती माझ्याकडे."

लेकीने नवा पंखा पाठवला, वर रंगही पाठवला. पंखा बसवला, रंग मात्र साडूंनी परत केला. पाहुण्याला चहाच्या आधी ओरखडा दाखवतात. "ब्रेक वेळेवर लागला, विचारा साडूबुवांना."

आता मैदानावर मेहुणी त्यांच्या पाठीमागे उभी असते. तिने "चला" म्हटल्याशिवाय ड्रोन उठत नाही. आणि परतीच्या वेळी काय सांगू! ड्रोन शेपटीकडून येतोय, आणि मेहुणी मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात, "येऊ द्या... येऊ द्या... सावकाश... बास!"