घेणाऱ्यांचा रकाना

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. अमडापूरच्या बाजारगल्लीतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात धम्मशीला इंगळे एका सदऱ्याच्या कॉलरवरची शिंप्याची पट्टी ब्लेडने उसवत होती. गावात शिंपी मोजकेच. पट्टी आणि माप पाहिलं की सदरा कोणाच्या अंगावरचा, हे कोणीही सांगतं. म्हणून आधी पट्टी निघते, मग सदरा खुंटीला लागतो.

दुकान एका संस्थेचं. लोक वापरलेले कपडे आणून देतात. ते धुऊन, इस्त्री करून स्वस्तात विकले जातात आणि नफा संस्थेच्या अभ्यासिकेला जातो. नफा असा फारसा नसतोच. म्हणून संस्थेला दुकान बंद करायचं होतं, आणि त्याबरोबर धम्मशीलाचा पगारही जाणार होता.

बुलढाण्याच्या कार्यालयातून आलेली प्राची मात्र दुकानाच्या बाजूची होती. संस्थेला मदत करणाऱ्यांची माहिती तिने संगणकावर ताडून पाहिली होती. अभ्यासिकेत शिकवायला येणारे, दरवर्षी वर्गणी देणारे, यांतले निम्म्याहून जास्त लोक पहिल्यांदा आले ते इथे, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. गल्ला हे सांगत नव्हता. फक्त एक रकाना रिकामा होता.

"ताई, कपडे घेणाऱ्यांची नावं आणि फोन द्या. तीही माणसं पुढे संस्थेशी जोडली जातात, हे दाखवलं की दुकान वाचेल."

"आन् नाई देल्ले तं?"

"तर उद्याच्या बैठकीत मला काही बोलता येणार नाही."

"मंग नोका बोलू."

मागच्या वर्षी हा रकाना धम्मशीलाने भरला होता. संस्थेने देणाऱ्यांना आभाराचे मेसेज पाठवले आणि आपुलकी वाटावी म्हणून त्यात घेणाऱ्याचं नावही घातलं. पुढच्याच लग्नात, भर पंगतीत, शालूबाई जनकाबाईला म्हणाली, "माही साडी तुले खुलली वं." तिच्या मनात काही नव्हतं. चार बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी जनकाबाईने साडी धुऊन, घडी घालून दुकानात आणून ठेवली. पैसे मागितले नाहीत. पुन्हा आली नाही.

"ती चूक कार्यालयाची," प्राची म्हणाली. "आता दोन याद्या एकत्र होणार नाहीत."

"तवाबी एकत्र करतो म्हून मले कोनं सांगलं होतं? नाव तं म्याच लिहून घेतलं."

तेवढ्यात बेबीताई नातवासाठी शाळेची चड्डी घ्यायला आल्या. प्राचीने सरळ त्यांनाच नाव विचारलं.

"कायले वं बाई? मी नगद देऊन राह्यली नं?"

"माहितीसाठी, मावशी."

"नव्या कापडाच्या दुकानात तं उधारीवाल्यालेच नाव इचारतेत," बेबीताई म्हणाल्या आणि चड्डीची शिवण ताणून पाहू लागल्या.

प्राचीला हसू आलं. तिने अहवालाच्या कागदावर लिहिलं: ‘घेणाऱ्यांची नावे देण्यास दुकानाचा नकार.’ धम्मशीलाने ते वाचलं, ‘दुकानाचा’ खोडून तिथे स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि खाली सही केली.

"हे वाचून ते दुकान बंद करायच्या आधी तुम्हालाच काढतील," प्राची म्हणाली. "निदान बैठकीला या. तुम्हीच सांगा त्यांना."

"सांगलं नं आता. लिहूनच देल्लं."

बैठक उद्या अकराला बुलढाण्यात आहे. अमडापूरचं दुकान उद्या दहाला उघडेल.