चिकूच्या झाडावरची फुली

मुलांनो, सरकारला कोण अडवतं, हे तुम्ही परवा फोनवर विचारलंत, आणि आज फाटकाला लाल रंग देताना त्या वासाने उत्तर आठवलं. डहाणूच्या आपल्या वाडीत एक अधिकारी रस्त्यासाठी चिकूच्या झाडांवर तोडणीच्या लाल फुल्या मारून गेला. "कायद्याप्रमाणे आधी आमचं म्हणणं ऐकावं लागतं," मी म्हटलं. तो हसला, "आजी, कायदा आम्हीच चालवतो." मी हायकोर्टात गेले. आपण निवडून दिलेल्यांनी केलेला कायदा डावलला म्हणून कोर्टाने तोडणीचा हुकूम रद्द केला आणि फुल्या पुसायला त्याच्याच खात्याला सांगितलं. त्या कामाला गावातला एकही मजूर जाईना, म्हणून टर्पेंटाइनचा बोळा त्या अधिकाऱ्यालाच धरावा लागला. मी समोर खुर्ची टाकून बसले. आल्यागेल्याला चिकू कापून देणारी मी, त्या दिवशी एकटीनेच खात होते. फळं उतरवणारी बाई वरून ओरडली, "साहेब, मागल्या बाजूला राहिलाय की रंग!" तुमचे आजोबा म्हणाले, "अगं, पुरे. पाणी तरी दे." पाणी दिलं, चिकू नाही. विहिरीजवळच्या झाडाशी तो वाकला, तेव्हा मी म्हटलं, "ही एक फुली राहू द्या." झाडं सगळी उभी आहेत, आणि ती फुलीही.