दिव्यांचा क्रम

माझी थोरली बहीण मानसशास्त्रज्ञ आहे. कुठल्या कामाला कोण लायक, हे चाचण्या घेऊन सांगायचं, हा तिचा पेशा. नात्यातल्या बायका तिच्या शेजारी बसायला बिचकतात. ही आपल्याला मनातल्या मनात गुण देतेय, असं त्यांना वाटतं. खरं तर ताईला माणसं मुळीच ओळखता येत नाहीत. म्हणूनच तिने चाचण्यांवर जन्म काढला, असं माझं मत आहे.

तिची सगळ्यात गाजलेली चाचणी बस ड्रायव्हरांची. पडद्यावर एकामागून एक रंगीत दिवे लागतात, प्रत्येक रंगाचं पेडल ठरलेलं, आणि किती चटकन दाबलं ते यंत्र मोजतं. पूर्वी बस कंपनीत ओळखीपाळखीवर ड्रायव्हर राहायचे नाहीतर जायचे. ताईने साहेबलोकांच्या कानीकपाळी ओरडून त्यांना एकच गोष्ट पटवली: बायको काय म्हणते, मेहुणा काय म्हणतो, काही ऐकू नका, फक्त गुण बघा.

ही चाचणी तिने घरीच बेतली. आजमावून बघायला माणूस हवा होता आणि नवरा आयता हाताशी होता, तोही बस ड्रायव्हरच. भाऊजी जेवण झालं की पेडलं दाबत बसायचे. आम्ही त्यांना प्रयोगाचा उंदीर म्हणून चिडवायचो, ते खुशाल हसायचे. दिव्यांचा क्रम त्यांच्या अंगात पुरता मुरला, आणि हे एवढ्या शिकलेल्या ताईच्या ध्यानातही आलं नाही.

यंदा भाऊजींचं काहीतरी बिनसलं. डोळ्यांदेखत दूध उतू जायचं आणि त्यांचा हात गॅसपर्यंत पोचायला उशीर व्हायचा. हाक मारली तर मान सावकाश वळायची. डॉक्टरकडे चला म्हणून ताई मागे लागली. ते म्हणाले, आता डेपोत तुझी चाचणी होणारच आहे, काय ते तीच सांगेल. ताईला ते पटलं, हेच मला अजून सहन होत नाही. चाचणीत भाऊजी सगळ्या डेपोत पहिले आले. दिवा लागायच्या आधीच त्यांचा पाय पेडलवर जात होता.

ताई धावत डेपो मॅनेजरकडे गेली. हा निकाल रद्द करा, क्रम बदलून पुन्हा चाचणी घ्या, म्हणाली. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. क्रम बदलला तर जुने गुण कुचकामी ठरतील, सगळ्यांना पुन्हा बसवावं लागेल, मग गाड्या कोण काढणार, असं त्याने समजावलं. मग ती दुधाचं सांगायला लागली.

"बाई," तो म्हणाला, "घरच्यांचं ऐकू नका, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

घरी भाऊजी भडकले. तुझ्याच चाचणीत पहिला आलो तर तुझ्याच पोटात का दुखतं, म्हणाले. ताई त्यांच्यासमोर ढसाढसा रडली, तरी सकाळी ते डबा घेऊन निघाले.

ती त्यांच्या मागोमाग निघाली. तिला एकटं सोडवेना म्हणून मीही गेले. बस खच्चून भरली होती. सुटायच्या आधी ताई मधल्या वाटेत उभी राहिली.

"उतरा सगळ्यांनी," ती म्हणाली. "यांना आता गाडी चालवता येत नाही. चाचणी माझी आहे, आणि ती चुकली आहे."

एका बाईने मुलाला छातीशी ओढलं. दोघंतिघं पिशव्या उचलून उठले. सगळ्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"बायको आहे माझी," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "हल्ली बरं नसतं तिला. बसा तुम्ही."

उठलेले लोक बसले. एका म्हाताऱ्याने ताईला हाताला धरून आपली जागा दिली. मला ओरडून सांगायचं होतं की ती खरं बोलतेय. पण मी कोण? मीही घरचीच. भाऊजींनी दार लावून घेतलं आणि बस रस्त्यावर काढली.